नाल्याअलीकडचे उंदीर

भरल्या बाजारात मला उभं करून "डावा हात वर कर, काख बघू दे" असं म्हणणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. मी कांदे निवडत होतो. समोर हे गृहस्थ. अंगात काळा कोट, त्याची दोन बटणं गेलेली. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत करकचून बांधलेल्या पट्ट्या. त्या पट्ट्यांना रॉकेलचा भपका येत होता, तो पिसवा चढू नयेत म्हणून हे मला मागाहून कळलं. डोक्यावर परिणाम झालेला कुणीतरी असेल असं मला वाटलं.

"का वर करू?" मी म्हणालो.

"तू हात अंगापासून सुटा धरून चालतोस. तिथं गाठ येऊन फुटलेली आहे. कुठल्या प्लेगातली?"

"तुमाला काय करायचंय?"

"झोपडीत बरोबर कोण होतं?"

हे त्यांनी विचारायला नको होतं. आम्ही करमाळ्याकडून सोलापूरला गिरणीच्या कामासाठी आलो, त्याच सालात प्लेग आला आणि गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. मी आणि माझा धाकटा भाऊ एका घोंगडीवर निजायचो. एकाच दिवशी दोघांना ताप भरला, दोघांना गाठ आली. एकाच गाडग्यातली पेज आई दोघांना पाजायची. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी उठलो.

"माझ्या अंगात दम हुता म्हणून मी जगलो," मी म्हणालो.

"आणि धाकट्याच्या अंगात नव्हता?"

मी हातातले कांदे टाकले. दोन थोबाडीत देणार होतो, खोटं कशाला सांगू. पण त्यांचं तोंड बघून हात उचलला नाही. त्या तोंडावर टिंगल नव्हती, कळवळाही नव्हता. माणूस खरंच उत्तराची वाट बघत होता.

"रागावू नको, तम्मा. मला ठाऊक नाही म्हणून विचारतो," ते म्हणाले. "मेला तो मला कळतो. जगला तो कळत नाही."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. हे गृहस्थ प्लेगाचे डाक्टर निघाले, अक्कलकोटाकडचे लिंगायत, घरात कानडी, बाहेर मराठी. दुसऱ्या दिवशी मी गिरणी सोडून त्यांच्याकडं उंदीर धरायच्या कामाला लागलो. चांगलं गिरणीतलं काम सोडून हे कसलं घाणेरडं काम धरलं, असं बायकोनं विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सांगतो. माझा भाऊ का गेला, हे मला विचारणारा तोच एक माणूस भेटला होता. बाकीचे सगळे देवाची मर्जी म्हणून मोकळे झाले होते.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. त्यामुळं पुढं जे लिहितो त्यातलं शास्त्र कुणाला चूक वाटलं तर वाटो. मी डोळ्यांनी बघितलं ते लिहितो.

दवाखान्यामागं घोड्यांचा जुना तबेला होता, तो डाक्टरांना दिलेला. दावणीच्या जागी पिंजरे. एका कोपऱ्यात दुर्बीण, तिच्यावर धुतलेलं पंच्याचं फडकं, देवावर घालावं तसं. मला त्यांनी त्या दुर्बिणीतून प्लेगाचा जंतू दाखवला. बारक्या बारक्या काड्या, दोन्ही टोकांना रंग चढलेला आणि मधे फिकट.

"एवढंसं?" मी म्हणालो.

"एवढंसं," ते म्हणाले.

मी बराच वेळ बघत राहिलो. माझ्या भावाला मारणारा मला काहीतरी मोठा वाटला होता.

सकाळी डाव्या तळहातावर लिंग ठेवून त्यांची पूजा व्हायची. मग कार्बोलिकनं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि उंदराकडं वळायचे. कुठल्याही उंदराला सुई टोचायच्या आधी "शरणु" म्हणायचे. त्यांच्यात मोठ्या माणसाला असा नमस्कार करतात. दवाखान्यातला कंपाउंडर त्यांना मागून उंद्रास्वामी म्हणायचा. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. एकदा त्याला म्हणाले, "स्वामी म्हणतोस तर पाया तरी पड की." त्यांची आई मात्र त्यांच्या हातचं पाणी घेत नव्हती. पोरगा रोज जीव मारतो म्हणून. पेठेत त्यांचं घर होतं, त्या घरात डाक्टर पाहुण्यासारखे जेवायचे, वेगळं ताट, वेगळा तांब्या. दुपारची भाकरी ते तबेल्याबाहेर लिंबाखाली खायचे. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. आधी पिंजऱ्यात तुकडे जायचे, मग यांचा घास.

मी एकदा म्हणालो, "डाक्टर, उंदरांना जरा मटणाचं हाडूक टाकू का? तगडे हुतील."

"आमच्या घरी मटण नाही, तर यांना कुठून?"

काही दिवसांनी माझी बायकोच त्यांच्यासाठी भाकरी पाठवायला लागली. ती त्यांना अण्णा म्हणायची, ते तिला अव्वा म्हणायचे. ते तिच्या बापाच्या वयाचे, तरी अव्वा. म्हणजे आई.

त्यांना सगळ्यात आवडायचा तो प्लेगातून उठलेला माणूस. असा माणूस कुठं आहे कळलं की डाक्टर सुई घेऊन हजर. रक्ताचं वरचं पिवळं पाणी काढायचे, काचेवर जंतूंच्या थेंबात मिसळायचे आणि दुर्बिणीला डोळा लावायचे. उठलेल्या माणसाच्या रक्तात जंतू फाटलेल्या दुधासारखे गोळा व्हायचे. न झालेल्याच्या रक्तात तसेच मोकळे पोहायचे. माझ्या रक्तात थोडेसेच गोळा झाले.

"इतकी वर्षं झाली, तरी तुझं रक्त त्यांना ओळखतं," ते म्हणाले. "पोलिसाकडं जुन्या चोराचा फोटो असावा तसं."

"मग माझ्या भावाच्या रक्तानं का वळखलं न्हाय?"

"ओळखायच्या आत वेळ संपला असेल. असेल म्हणतो, तम्मा. आहे म्हणत नाही."

हे त्यांचं 'असेल' मला फार टोचायचं. बाकी सगळ्या डाक्टरांना सगळं ठाऊक असतं. यांना काहीच ठाऊक नसायचं आणि ते तसं सांगायचे.

माझा दमाचा हेका ते विसरले नव्हते. एक दिवस मला घेऊन तालमीत गेले. वस्तादांना म्हणाले, तुमचा सगळ्यात दणकट गडी द्या, रक्त बघायचंय. वस्ताद म्हणाले, "दुधाला कुणी काय देत न्हाय, रगात मागाय समदे येत्यात." पण एक आडदांड पैलवान पुढं झाला. म्हशीसारखी मान. डाक्टरांनी सुई काढली, पैलवानानं ती बघितली आणि तांबड्या मातीत सपशेल आडवा झाला. त्याला पाणी मारून उठवला, मग रक्त काढलं. दुर्बिणीखाली जंतू मोकळे पोहत होते, पैलवानाची त्यांना काही भीती नव्हती.

"दम तालमीत असतो," डाक्टर म्हणाले. "रक्तात दुसरं काहीतरी असतं."

मी त्यावर चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

आता उंदरांचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. पेठ नाल्याच्या पलीकडं. जुनी घरं, धान्याची दुकानं. तिथं प्लेग कितीदा येऊन गेलेला. आमची वस्ती नाल्याच्या अलीकडं, गिरणीमागं. नवी. निम्मे आमच्यासारखे खेड्यातून आलेले, निम्मे तेलुगू विणकर, घरोघर हातमाग. तिसरा भाग स्टेशनाकडच्या चाळी. या तिन्हीकडचे उंदीर मी जिवंत धरून आणायचो. पेठेच्या उंदराला लाल दोरा, वस्तीच्या उंदराला पांढरा, स्टेशनाच्या उंदराला निळा. जिथं धरशील तिथला दोरा बांध, एवढं डाक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या हातून दोऱ्याची चूक कधी झाली नाही. हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

मग एकाच बाटलीतला जंतू सगळ्यांना सारखा टोचायचा. स्टेशनाचे बहुतेक मरायचे. वस्तीचे बहुतेक मरायचे. पेठेचे बहुतेक जगायचे. डाक्टर सांगायचे, पेठेत कच्चे उंदीर होते ते आधीच्या साथींत मरून गेले, उरले ते पक्के, त्यांची पिल्लं पक्की. आणि उंदीर पक्का असला तर तो मरत नाही. तो मरत नाही म्हणून त्याच्या पिसवा त्याला सोडून माणसावर येत नाहीत. म्हणजे जिथला उंदीर पक्का तिथल्या माणसाला भीती थोडी. टोचणीची लस आली तर आधी कच्च्या उंदरांच्या भागात द्यायची. एवढा साधा हिशेब होता तो, मलाही कळत होता.

दोन सालं असं चाललं. तिसऱ्या सालात पांढऱ्या दोऱ्याचे उंदीर जगायला लागले.

डाक्टरांनी पहिल्यांदा बाटली बदलली. तरी जगले. मग सुई बदलली. तरी जगले. स्टेशनाचे त्याच बाटलीनं पटापट मरत होते. मग हा माणूस असा खूष झाला की मी त्याला तसा पुन्हा कधी बघितला नाही. लिंबाखाली भाकरी तशीच हातात धरून मला सांगायला लागले.

"वस्तीत साथ आली नाही. मग उंदीर पक्के कसे झाले? तम्मा, वस्तीत एखादा हलका जंतू फिरत असेल. त्याच घराण्यातला, पण न मारणारा. उंदराच्या अंगातून जातो, रक्ताला ओळख देऊन जातो आणि कुणाला कळतही नाही."

"असेल?" मी मुद्दाम म्हणालो.

"असेल," ते म्हणाले आणि हसले. "तो सापडला तर लसच नको. तोच लस. मग घोंगडीवर निजलेल्या दोघांपैकी एक का, असं कुणाला विचारावं लागणार नाही."

तो हलका जंतू त्यांनी दीड वर्ष शोधला. पांढऱ्या दोऱ्याचा प्रत्येक उंदीर चिरून प्लीहा बघायची, रक्त बघायचं, काचेवर काचा. जंतू सापडत नव्हता, पण त्याची खूण मात्र पिंजऱ्यात जिवंत फिरत होती. मुंबईच्या मोठ्या साहेबांना त्यांनी लांबलचक लिहून पाठवलं. तिकडून चौकशीचं पत्र आलं, त्या दिवशी त्यांनी कोटाला बटणं लावून घेतली.

मीही काही कमी फुगलो नव्हतो. वस्तीत सांगत फिरलो की आपल्या उंदरांनी पेठेला मागं टाकलं. आमच्या शेजारच्या विणकरानं मागावरून मान न उचलता विचारलं, "मग मामा, त्यांना गिरणीत मुकादम करा की." लोक हसले, पण ऐकलं. डाक्टरांचा माणूस सांगतो म्हणून ऐकलं.

त्या साली थंडीच्या तोंडाला लस आली ती थोडी आली. कुणाला आधी द्यायची ते डाक्टरांनी सांगायचं होतं. त्यांनी स्टेशनाकडच्या चाळी सांगितल्या. तिथं टोचणी चालू असताना माझी बायको वस्तीतल्या दोन बायकांना घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. एरवी बायका टोचून घ्यायला नको म्हणायच्या. ही आपण होऊन आली होती.

"अण्णा, मला टोचा की. हात धुवून आलीया."

डाक्टरांनी बाटलीकडं बघितलं. मागं चाळीतल्या माणसांची रांग होती.

"अव्वा, तुमच्या वस्तीचे उंदीर पक्के आहेत. तुला भीती नाही. ही थोडीच आहे, यांना देऊ दे. पुढल्या साली पहिली सुई तुला."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "डाक्टर सांगत्यात ते कळतंय न्हवं? चल घरला."

"मी इचारलं म्हणून काय बिघडलं?" ती म्हणाली आणि गेली.

पहिला उंदीर मरून पडला तो शेजारच्याच विणकराच्या मागाच्या खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. लोकांनी माळावर जायला बोचकी बांधायला घेतली, तेव्हा मी दारात उभा राहून सगळ्यांना गप्प केलं. म्हणालो, एखादा म्हातारा उंदीर मेला म्हणून घर सोडायचं का. चार दिवस गेले त्यात. पाचव्या दिवशी माझ्या बायकोला थंडी वाजून ताप भरला आणि जांघेत गाठ आली.

डाक्टर तीन दिवस आमच्या घरी बसून होते. औषध असं काही नव्हतंच. कपाळावर पाण्याची घडी ठेवायची, नाडी धरायची. ती मधेच शुद्धीवर आली की त्यांनाच विचारायची, "अण्णा, भाकरी खाल्ली का? आज चूल पेटली न्हाय माझी." ते हो म्हणायचे. खाल्ली नव्हती. तिचं रक्त काढायला त्यांनी सुई बाहेर काढली, हातात धरली आणि परत ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. वस्तीत त्या थंडीत किती गेले ते मी मोजले नाहीत. शेजारचा विणकरही गेला.

तिला पोचवून आल्यावर डाक्टर अंगणात उभे होते. मी म्हणालो, "मेला तो कळतो म्हणायचा की तुमी. ही कळली का?"

"नाही," ते म्हणाले.

ते दोन दिवसांनी परत आले. वही घेऊन. मला वाटलं दुखवट्याला आले. त्यांनी वही उघडली.

"वस्तीत मरून पडलेले उंदीर मी गोळा केले. ते प्लेगानं मेले, सगळे. कच्चे उंदीर. आणि तू आणायचास ते पक्के. एका वस्तीत दोन तऱ्हेचे उंदीर कसे राहतील? तू धरायचास ती जागा दाखव."

मी त्यांना नाल्यावर नेलं. सकाळची वेळ, गिरणीचा पहिला भोंगा होऊन गेलेला. आम्ही अलीकडच्या काठावर उभे होतो. पलीकडून पेठेतला एक गडी हातात पिंजरा घेऊन पाण्यातल्या दगडांवरून इकडं आला. त्यानं पिंजरा खाली ठेवला, दार उघडलं. तीन उंदीर उड्या मारत वस्तीकडं पळाले.

डाक्टरांनी त्याला हाक मारली. तो त्यांच्याच घरचा गडी निघाला.

"हे काय करतोस?"

"सोडतुया की, डाक्टर. रोजच सोडतुया. तुमच्या आईसाहेबांनीच सांगितलंय. घरात सापडलेला जीव मारू नगं, नाल्यापलीकडं सोड म्हणत्यात."

"कधीपासून?"

"झाली की दोन सालं. तुमी मारताय त्याचं पाप तेवढं तरी फिटंल म्हणत्यात. त्यांचं बघून आता आख्खी गल्ली सोडतीया."

गडी गेला. डाक्टर काठावरच्या एका दगडावर बसले. म्हणाले, "तू इथं धरायचास?"

"इथंच. वस्तीत."

"वस्तीतल्या घरात?"

"वस्तीत," मी म्हणालो. "नाल्याच्या अलीकडं. अलीकडं म्हणजे वस्तीच."

मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो की मी खोटा दोरा बांधला नाही. उंदीर अलीकडं धरला, पांढरा दोरा बांधला. पण इथवर लिहिलं आहे तर पुढचंही लिहितो. पेठेत मला कुणी ओळखत नव्हतं. तिथं मी कुणाच्याही माजघरात शिरायचो, पलंगाखाली सरपटायचो, काही वाटत नव्हतं. वस्तीत माझी सोयरीक होती. एकेकाळी मी गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. तिथं बायका मला बघून पदर तोंडाला लावून "उंदीरमामा आला" म्हणायला लागल्या, तेव्हा मी घरांत शिरायचं बंद केलं. नाल्यावर सकाळी आयते उंदीर मिळायचे, भेदरलेले, नवखे. ते कुठून येतात ते मला दिसत होतं. त्यानं काही फरक पडतो असं मला वाटलं नाही. उंदीर तो उंदीर.

हलका जंतू वगैरे काही नव्हतं. पेठेचे उंदीर पांढरा दोरा बांधून हिंडत होते, एवढंच होतं.

पुढं डाक्टरांचं काय झालं ते आताच सांगून टाकतो. ते वस्तीत प्रत्येक मयताच्या दारी गेले आणि म्हणाले, लस तुम्हाला द्यायला हवी होती, मी चुकलो. एका म्हातारीनं शेणाचा गोळा मारला, तो कोटावर घेऊन ते पुढच्या दारी गेले. मला मात्र सगळे समजावत होते. बायको गेली बिचाऱ्याची, म्हणत होते. माझ्या दारी कुणी शेण घेऊन आलं नाही. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीच त्यांना कामावरून कमी केलं. तबेल्यात पुन्हा घोडे आले. पिंजरे कुणीतरी जळणाला आणि भंगाराला नेले. वह्या त्यांनी नेल्या असतील. ते अक्कलकोटाकडं आपल्या खेड्यात जाऊन राहिले, तापाच्या पुड्या द्यायचे असं ऐकलं. प्लेगातून उठलेला माणूस भेटला तरी आता ते काही विचारत नाहीत, असंही ऐकलं. तिथंच वारले. अक्कलकोट काही लांब नाही. गाडीनं सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. मी गेलो नाही.

जायच्या आधी त्यांनी मला एकदा तबेल्यात बोलावलं होतं. पिंजरे रिकामे होते. टेबलावर मुंबईच्या साहेबांना लिहिलेलं पत्र होतं, इंग्रजीत. साहेबांनी विचारलं होतं, चूक कशी झाली आणि कुणाची. डाक्टर म्हणाले, तुझाही यात संबंध आहे, म्हणून तुला वाचून दाखवतो. आणि एकेक ओळ मराठीत करून सांगायला लागले. वस्तीच्या उंदरांबद्दल मी आजवर जे कळवलं ते सगळं रद्द समजावं. हलका जंतू अस्तित्वात नाही. पेठेतले उंदीर वस्तीत सोडले जात होते आणि त्याची सुरुवात माझ्याच घरातून झाली. मग पुढची ओळ त्यांनी वाचली. उंदीर घराच्या आतलेच धरावेत, नाल्यावरचे किंवा उघड्यावरचे धरू नयेत, अशी सूचना मी उंदीर धरणाऱ्या माणसाला दिली नव्हती. त्या माणसाकडं दोष नाही.

वर मी लिहिलं की जिथं धरशील तिथला दोरा बांध, एवढंच डाक्टरांनी सांगितलं होतं. एवढंच सांगितलं नव्हतं. घरातलाच धर, उघड्यावरचा नको, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि दुसऱ्या सालात पावसाळ्यात पुन्हा सांगितलं होतं, पिंजऱ्यावर हात ठेवून, माझ्या डोळ्यांत बघून. मी मान हलवली होती.

वाचून झाल्यावर त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि सही करायच्या जागेवर धरला. वर बघितलं नाही.

"असंच होतं ना, तम्मा?"

ती ओळ खोडायला वेळ होता. टाक ओला होता.

"व्हय," मी म्हणालो. "असंच हुतं."